बॅकवॉटर, मिसळ आणि सहा जणांचं पोट

मे महिन्यात आमचं साताऱ्यातलं निम्मं मित्रमंडळ रविवारी पहाटे गाड्या काढून धरणाकडे पळतं. माण-खटावकडचे लोक टँकरच्या मागे धावत असतात आणि आपण डुंबायला पाणी शोधतोय ह्याची थोडी लाज वाटते, पण जातो. जिल्ह्यात धरणांना तोटा नाही. कोयनेचा शिवसागर १०५ टीएमसीचा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी), धोम साडेतेरा, वेण्णेवरचं कण्हेर दहाच्या आसपास, उरमोडी जवळपास तेवढंच. आम्ही ह्यातल्या नेमक्या कुठल्या धरणावर जातो, का दुसऱ्याच कुठल्या, ते मुद्दाम लिहीत नाही. उद्या कोणीतरी 'अमुक धरणाचं पाणी दूषित' म्हणून फॉरवर्ड करणार आणि तिथल्या चहावाल्याचं गिऱ्हाईक तुटणार. आणि खरं सांगायचं तर जे झालं ते कुठल्याही धरणावर होऊ शकतं.

तर त्या रविवारी आम्ही चौदा जण होतो. सात जण सराईत, त्यात आमच्या एक काकू, ज्या लहानपणी कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकल्या आणि आजही आमच्यातल्या तिशीच्या पोरांना मागे टाकतात. बाकी सात जण उथळात, म्हणजे चार लहान पोरं, दोन मोठी माणसं ज्यांना चाळिशीत पोहायची हौस आलेली, आणि त्यांना शिकवायला मी. आमची पद्धत ठरलेली. सराईत मंडळी पुढच्या खडकावरून खोल पाण्यात, आणि शिकणारे डाव्या अंगाच्या खोबणीत, जिथे पाणी गुडघ्यापासून छातीपर्यंत हळूहळू वाढत जातं, लाट नाही, ओढ नाही, तळाला मऊ गाळ. पोराच्या पाठीला डबा बांधायचा, कमरेला दोरी लावायची आणि सोडायचं. तीन वर्षं आम्ही ह्या जागेला 'सेफ जागा' म्हणत होतो. भिंतीकडे, सांडव्याकडे, विमोचकाकडे म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या दाराकडे आम्ही फिरकतसुद्धा नाही, तिथे मनाईचे बोर्ड आहेत आणि शेतीसाठी आवर्तन सुटलेलं असलं की विमोचकाच्या तोंडाशी काय ओढ असते ते ज्याने पाहिलंय तो परत जात नाही.

आदल्या शुक्रवारी रात्री वळवाचा पाऊस झाला होता. जोरदार, तासभर, गारांसकट. रविवारी पाणी जरा गढूळ दिसत होतं खोबणीत, पण आम्ही म्हटलं पाऊस झालाय, मातीच आहे, मातीने काय होतंय. तीन तास डुंबलो, मग वाटेतल्या टपरीवर मिसळ, आणि घरी.

सोमवारी संध्याकाळी आमच्या शेजारच्या पोराला उलट्या सुरू. मंगळवारी सकाळी मला जुलाब, आणि ग्रुपवर एकेकाचे मेसेज यायला लागले. बुधवारपर्यंत सहा जण आडवे. शिवाय खडकावरून सूर मारणाऱ्या एकाचा कान ठणकत होता, पण तो दरवर्षीच ठणकतो, कानात पाणी राहून आतली कातडी भिजते आणि मग सूज येते, ते प्रकरण वेगळं. पोटाच्या सहा जणांवर डॉक्टरांनी ओआरएस आणि दोन दिवस आराम असं साधंच औषध दिलं, सगळे बरे झाले. फक्त एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली ती लक्षात राहिली. तिथे म्हशी डुंबतात का, असं विचारलं, आम्ही हो म्हटलं, तर म्हणाले पुढचे पंधरा दिवस कोणाला ताप आला, पिंढऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर अंगावर काढू नका, लगेच या आणि धरणात पोहलो होतो हे आपणहून सांगा. लेप्टोचा, म्हणजे जनावरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या जंतूंचा ताप साधारण ५ ते १४ दिवसांनी उगवतो, तोपर्यंत माणूस पोहल्याचं विसरून गेलेला असतो आणि डॉक्टर बिचारे डेंग्यू-मलेरिया शोधत बसतात. सुदैवाने कोणाला आला नाही.

आता दोष कोणाचा? ग्रुपवर एकमताने ठराव पास झाला की मिसळ. तेल जुनं, कांदा उघडा, पाव शिळा, जो तो आपापली शंका काढत होता. एकाने तर टपरीवाल्याला फोन करायची तयारी केली होती. मी अंथरुणावर पडून कंटाळलो होतो, म्हणून जुनं कॅलेंडर घेतलं, पान उलटं केलं आणि चौदा नावं लिहिली. पुढे दोन रकाने, मिसळ खाल्ली का आणि पाण्यात कुठे होता.

मिसळ नऊ जणांनी खाल्लेली. चार पोरांनी तिखट म्हणून खाल्ली नव्हती, त्यांनी घरनं आणलेले पोहे खाल्ले, आणि काकूंचा उपवास होता. मिसळ खाल्लेल्या नवांपैकी तीन आजारी. न खाल्लेल्या पाचांपैकी पण तीन, तिन्ही पोरं. म्हणजे मिसळ खाणाऱ्यांपेक्षा न खाणाऱ्यांचं प्रमाण जास्त! दुसऱ्या रकान्यात मात्र चित्र लख्ख होतं. उथळातल्या सातांपैकी पाच आजारी, खडकावरच्या सातांपैकी एक. आणि तो एक कोण, तर जो शेवटचा अर्धा तास पोरांबरोबर बॉल खेळायला खोबणीत आला होता. चौथं पोर, जे आजारी पडलं नाही, ती माझी भाची. तिला पाण्याची भीती वाटते, ती पूर्ण वेळ ट्यूबमध्ये महाराणीसारखी बसून होती, तोंड पाण्याला लागूच दिलं नाही. बाकीची पोरं शिकताना निम्मं धरण पितात. माणसं चौदाच आहेत, ह्यावरून कोर्टात केस उभी राहणार नाही हे मान्य, पण मिसळवाल्याला फोन करायचं आम्ही रद्द केलं.

गुरुवारी अंगात जरा ताकद आल्यावर मी आणि आमचा एक पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला असलेला मित्र परत तिथे गेलो. त्याने पिण्याच्या पाण्याची तपासणी करायच्या त्या एचटूएसच्या छोट्या बाटल्या आणल्या होत्या, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असतात त्याच. आत औषध असतं, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून उबेला ठेवायचं, २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर त्यात आतड्यातले जंतू असण्याची दाट शक्यता. इथे एक गोची आहे जी मला माहीत नव्हती. ही टेस्ट पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेली आहे, म्हणजे भलतीच कडक. उघड्यावरचं कुठलंही पाणी, मग ते कितीही नितळ असो, आज ना उद्या काळं पडणारच, पक्षी आहेत, जनावरं आहेत. त्यामुळे नुसतं 'काळं झालं' म्हणून बोंबलण्यात अर्थ नाही. किती लवकर काळं होतं ते बघायचं, आणि तेच पाणी शंभर पट पातळ करून परत लावायचं. पातळ करायला उकळून गार केलेलं पाणी घ्यायचं, नळाचं चालत नाही, कारण नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जंतू मरतात आणि खोटा चांगला रिझल्ट येतो. मित्राने हे सगळं तीनदा सांगितलं कारण मी कॅनमध्ये नळाचंच पाणी भरून नेलं होतं.

चार ठिकाणचं पाणी घेतलं. एक, खोबणीच्या टोकाला एक ओढा उतरतो त्याच्या तोंडाशी. दोन, आम्ही पोरांना शिकवतो तिथलं, काही न हलवता, पाणी स्थिर असताना. तीन, त्याच जागेवर मी एक मिनिट पाय आपटत गोल गोल चाललो आणि मग. चार, खडकाजवळचं. ही तिसऱ्या बाटलीची आयडिया मित्राची. मी पाय आपटायला लागलो तसा तळाचा गाळ धुरासारखा वर आला, घोट्यापासून मांडीपर्यंत पाणी चहासारखं झालं, आणि एक शेणामातीचा वास. मला आठवलं की रविवारी आम्ही सात जण तीन तास हेच करत होतो आणि हाच 'मऊ गाळ' मी पालकांना कौतुकाने सांगत होतो, पडलं तरी लागत नाही म्हणून.

बाटल्या माझ्या घरी फ्रिजच्या मागे उबेला ठेवल्या, आईने विचारलं हे काय, मी म्हटलं काढा. शुक्रवारी पहाटे ओढ्याची बाटली डांबरासारखी. हलवलेल्या गाळाची पण तशीच. न हलवलेलं पाणी दुपारपर्यंत काळं पडलं. खडकाजवळचं शनिवारी कुठे जरा तपकिरी व्हायला लागलं. शंभर पट पातळ केलेल्यांमध्ये ओढ्याचं आणि हलवलेलं ही दोन्ही काळी, बाकी दोन स्वच्छ. झाकण उघडलं तर सडक्या अंड्याचा वास घरभर, आई अजून बोलते.

ह्या घरगुती उद्योगावर विसंबायला नको म्हणून ओढ्याच्या तोंडाचं आणि खडकाजवळचं पाणी बर्फात घालून त्याच दिवशी रीतसर लॅबला पण दिलं होतं. आपल्याकडे उघड्यावर आंघोळ-पोहण्याच्या पाण्यासाठी सरकारी निकष आहेत, बऱ्याच जणांना माहीत नसतं. १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू ५०० च्या आत असावेत, जास्तीत जास्त २५०० चालतील. सामू (पीएच) साडेसहा ते साडेआठ, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जेवढा ऑक्सिजन खाते तो, ३ किंवा कमी. रिपोर्टात खडकाजवळचं पाणी ५०० च्या आत होतं. ओढ्याचं २५०० च्या बाहेर, पाऊस होऊन सहा दिवस झाले तरी. गंमत म्हणजे सामू आणि ऑक्सिजन दोन्हीकडे ठीक. म्हणजे त्यात मासे आरामात जगत होते, पाणी दिसायलाही वाईट नव्हतं, आणि तरी पोट बिघडवायला पुरेसं होतं.

ग्रुपवर हे टाकलं तर आमचे एक इंजिनियर साहेब म्हणाले शक्यच नाही. एक टीएमसी म्हणजे २८३१ कोटी लिटर, एवढ्या पाण्यात एका ओढ्याचं पाणी म्हणजे समुद्रात चमचा. हिशोब बरोबर आहे, पण पाणी मिसळलं तर. धरण म्हणजे काही ढवळलेली कढी नाही. मुख्य पात्रात वारा असतो, खोली असते, तिथे मिसळतं. खोबणीत पाणी कोंडलेलं, तिथे जे आलं ते दिवसचे दिवस तिथेच फिरतं. ऊन चांगलं असलं की वरच्या नितळ पाण्यातले जंतू मरतात, उन्हाने मरतात हे खरंय, पण गढूळ पाण्यात ऊन आत पोचतच नाही आणि गाळात बसलेले तर आरामात टिकतात, कोणी पाय घातला की परत वर.

आणि ओढ्यात येतं कुठून? आम्ही ओढ्याने वर चालत गेलो, अर्धा किलोमीटरसुद्धा नाही. वर वस्ती आहे, गोठे आहेत, उकिरडे ओढ्याच्या काठाला, दोन घरांच्या संडासाच्या टाकीचा पाइप सरळ ओढ्यात. आणखी वर सुट्टीत येणाऱ्यांसाठी टेंट लावलेत, त्यांचं काय कुठे जातं हे विचारलं तर तिथला पोरगा म्हणाला खड्डा आहे, खड्डा काही दिसला नाही. डिसेंबरपासून ओढा कोरडा, म्हणजे पाच महिने हे सगळं पात्रात साचत राहिलं आणि वळवाच्या एका तासात झाडून धरणात. जुलैत ह्याच ओढ्याला धो धो पाणी असतं तेव्हा घाण पातळ होत वाहून जाते, सगळ्यात वाईट ते हे पहिलं पाणी. आपण घराच्या पत्र्यावरचं पहिलं पाणी टाकीत घेत नाही, वळचणीचा पाइप बाजूला करतो, एवढं आपल्याला कळतं. पोहताना का कळलं नाही देव जाणे. गावाला नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्यांनी आम्हाला पोहायला बोलावलं नव्हतं.

खोबणीच्या काठाला त्या दिवशी हिरवा तवंगही होता. ह्यात दोन प्रकार असतात. काठीने उचलला आणि केसांसारखे धागे लटकले तर साधं शेवाळ, किळसवाणं पण गरीब. काठीला ऑइलपेंट लागल्यासारखं झालं, किंवा काचेच्या बरणीत रात्रभर ठेवल्यावर हिरवं वर तरंगून आलं, तर निळंहिरवं शेवाळ असण्याची शंका घ्यायची, त्यातल्या काही जाती विष सोडतात, ते विष पाणी उकळूनही जात नाही, जनावरं मरतात त्याने. आमच्याकडचं धाग्यांचं निघालं. पण धरण आटत जातं तशी मोकळ्या झालेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात, त्याचं खत परत पाण्यातच येतं, त्यामुळे उन्हाळ्याच्या शेवटाला हे बघत राहावं लागतं, आणि वारा ज्या काठाला लागतो त्या काठाला तवंग गोळा होतो म्हणून सकाळी एका बाजूला असलेला संध्याकाळी दुसरीकडे असू शकतो.

मग सोपा उपाय, पोरांना खडकाकडे न्या, असं कोणीतरी म्हणालं. तिथे दोन हातांवर पुरुषभर पाणी. आमची खरी अडचण हीच होती. बुडायच्या दृष्टीने जी जागा सगळ्यात सुरक्षित म्हणून निवडली होती, म्हणजे उथळ, शांत, मऊ तळाची, ती पोटाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट निघाली, आणि जी स्वच्छ ती पोरांना गिळणारी. दोन्हीच्या मधलं काहीतरी शोधायचं होतं.

त्यासाठी मासेमारी करणाऱ्या एका तात्यांना गाठलं. वय सत्तरच्या पुढे, ह्याच धरणात ज्यांचं गाव गेलं त्यातले. आम्ही एक जागा हेरून ठेवली होती, पलीकडच्या अंगाला, मुरमाड काठ, ओढा नाही, सावकाश उतार. तात्यांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, "आरं तितं नगा घालू पोरास्नी. तितं आमच्या भावकीची हीर हाय." आम्हाला पटेना, इथे विहीर कुठली, पाणी तर मांडीएवढं दिसत होतं. त्यांनी होडीतला बांबू घेतला, पाण्यात चार पावलं गेले आणि टोचत टोचत पुढे. टक, टक, टक, मुरूम लागत होता. मग एकदम बांबू हातातून गेल्यासारखा खाली, वरचं टोक तेवढं हातात राहिलं. कडेला तीन दगड बांधीव, त्याच्या पुढे काहीच नाही. पाणी आणखी उतरलं की तिचा काठ उघडा पडतो म्हणे, तोवर दिसत नाही. मी पोराचा हात धरून तिथून चाललो असतो.

धरणाचा काठ दर आठवड्याला सरकत असतो ही गोष्ट नदीवर शिकलेल्या माणसाच्या डोक्यात बसत नाही. मागच्या रविवारची कमरेएवढी जागा ह्या रविवारी कोरडी, आणि आजची कमरेएवढी जागा तेव्हा पुरुषभर खाली होती, तिच्या तळाला काय आहे कोणी पाहिलेलंच नसतं. ताली, बांध, बाभळीचे खुंट, घराची जोती, तुटलेली जाळी. जाळ्यात पाय अडकला तर भला पोहणारा जातो.

तात्यांनी मग शंभरेक पावलं पुढे जुन्या गाडीवाटेचा भाग दाखवला, जिथून त्यांची बैलगाडी नदीला उतरायची. तळ दाबलेला मुरूम, पाय मारून पण गाळ उठत नाही, मी मुद्दाम मारून बघितले. आम्ही स्टीलचं ताट दोरीला बांधून सोडलं, पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजतात त्याची गरीब आवृत्ती. खोबणीत ताट दीड हातावर दिसेनासं झालं होतं, इथे साडेतीन हातांपर्यंत चमकत होतं. नुसतं दिसतंय म्हणून पाणी शुद्ध होत नाही हे रिपोर्टावरून शिकलो होतोच, त्यामुळे इथलीही बाटली लावली, ती खडकाच्या पाण्यासारखी वागली. पण ताट दिसण्याचा दुसरा फायदा असा की बुडालेलं पोर दिसतं. चहासारख्या पाण्यात दोन हातांवरचं पोर दिसत नाही, आणि आम्ही तीन वर्षं असल्या पाण्यात शिकवत होतो.

तात्यांनी सराईत लोकांना पण एक गोष्ट ऐकवली. "वर च्या, खाली बरफ." मेमध्ये वरचं पाणी तापलेलं असतं, ते हलकं, खालचं थंड जड, दोन्ही मिसळत नाहीत, थर धरून राहतात. खोल सूर मारला की अंग एकदम गार थरात जातं, श्वास लागतो, पोटरीत गोळा येतो. आमच्यातल्या एकाला मागच्या वर्षी असाच गोळा आला होता, आम्ही त्याला जेवून पोहल्याबद्दल शिव्या घातल्या होत्या.

आता आम्ही काय करतो ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर झाला. शिकणारे गाडीवाटेवर, दोन्ही बाजूंना रिकामे कॅन दोरीला बांधून हद्द आखलेली, आणि दर रविवारी कोणी उतरायच्या आधी एक जण बांबू घेऊन हद्दीच्या आतला तळ टोचून येतो, पाणी उतरलं असेल तर दोरी सरकवतो. वळीव झाला की चार-पाच दिवस पाण्यात जायचं नाही, आणि खोबणीत तर कधीच नाही. अंगावर उघडी जखम असेल तर काठावर बसायचं. पोरांना मुटका मारायला बंदी केलीय, ह्यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला. पण पाय खाली करून मुटका मारला की पाणी जोरात नाकात चढतं, आणि केरळमध्ये मेंदूचा ताप आणणाऱ्या अमिबाच्या केसेस झाल्या त्यातल्या काही गरम, साचलेलं पाणी नाकात जाऊन. फार म्हणजे फार दुर्मिळ आहे, पण झालं तर माणूस वाचणं कठीण, त्यामुळे ज्याला मारायचाच आहे त्याने नाक चिमटीत धरून मारावा असा तोडगा निघाला. काकू म्हणतात आमच्या वेळी असलं काही नव्हतं, आणि मग स्वतः नाक धरून उडी मारतात.

ओढ्याचं अजून तसंच आहे. आम्ही रिपोर्टची झेरॉक्स वस्तीवर नेऊन दिली, दोन पाइपांपैकी एकाला शोषखड्डा झाला, दुसऱ्या घराचा मालक मुंबईला असतो. टेंटवाला पोरगा आता ओळख दाखवत नाही. परवा शनिवारी रात्री विजा चमकल्या, अर्धा तास पाऊस झाला, सकाळी सहाला काकूंचा ग्रुपवर मेसेज: आज कोणी निघू नका. खाली चौदाव्या मिनिटाला एकाने विचारलं, मग नुसती मिसळ खाऊन येऊ या का.